बोलायचे ते मागापाशी

प्रिय छोट्या संपादकास,

तुझे पत्र मिळाले. डॅनिश कथाकार अँडरसनच्या ‘सम्राटाचे नवे कपडे’ या गोष्टीचे रूपांतर पूर्ण झाले, चित्रेही येऊ लागली, आणि आता शेवटच्या पानावर ‘तात्पर्य : गर्वाचे घर खाली’ अशी चौकट टाकायची की नाही एवढ्यावर तुझे गाडे अडले आहे. वरिष्ठांना ती ओळ हवी आहे, तुला ती खटकते, पण का खटकते ते नेमके सांगता येत नाही म्हणून बैठकीत तू मान डोलावलीस. त्या मान डोलावण्याचा मला राग आला आहे. म्हणून आधी गोष्टीविषयी लिहिते आणि मग तुझ्याविषयी.

ती ओळ खोटी आहे, कारण या गोष्टीत गर्वाचे घर खाली होतच नाही. मूळ शेवट पुन्हा वाच. सम्राटाच्या अंगावर काहीच नाही असे मिरवणुकीत एक पोर बोलते, हळूहळू सगळी गर्दी तेच म्हणू लागते, लोक म्हणतात ते खरेच असावे असे वाटून सम्राटाच्या अंगावर शहारा येतो. पण मिरवणूक आता पार पाडलीच पाहिजे असे मनाशी म्हणून तो अधिकच ताठ चालू लागतो आणि मागचे मानकरी नसलेल्या झग्याचा नसलेला घोळ उचलून धरतात. गोष्ट तिथेच संपते. सम्राटाचे राज्य जात नाही, आणि रिकाम्या मागावर अद्भुत कापड विणण्याचे सोंग करत रेशीम व सोन्याची जर आपल्या पिशव्यांत भरणारे ते दोन भामटे पकडलेही जात नाहीत. उलट मिरवणुकीआधीच त्यांना मानचिन्ह आणि पदवी मिळालेली असते. माझ्या लहानपणी मी ऐकलेल्या गोष्टीत त्यांना फटके बसत असत, ते सांगणाऱ्या मोठ्या माणसांना हवे असत म्हणून.

आणि गर्व कोणाचा? सम्राटाला कपड्यांचा सोस आहे, दर तासाला नवा अंगरखा लागतो, इतर राजे मसलतीत असतात तसा हा सदैव कपड्यांच्या दालनात असतो. हा उथळपणा झाला. अँडरसन तो पहिल्याच परिच्छेदात उरकतो. त्याची नजर आहे वृद्ध मंत्र्यावर. हा मंत्री प्रामाणिक आहे, शहाणा आहे, आपल्या पदाला त्याच्याइतका लायक दुसरा कोणी नाही, म्हणूनच सम्राट ते कापड पाहायला त्याला सर्वांआधी पाठवतो. रिकाम्या मागापुढे तो डोळे ताणून पाहतो, आपल्याला काहीच दिसत नाही हे मनातल्या मनात कबूलही करतो. मात्र जो मूर्ख किंवा पदाला नालायक त्याला हे कापड दिसत नाही अशी अट असल्यामुळे तोंड मिटून घेतो. मग ते भामटे त्याला रंगांची नावे आणि नक्षीतले बारकावे सांगू लागतात, आणि तो ते सारे लक्ष देऊन ऐकतो, सम्राटापुढे जसेच्या तसे म्हणून दाखवता यावे म्हणून. इतकी वर्षे झाली, या वाक्यापाशी मी अजून थांबते. पाठोपाठ भामटे आणखी पैसे, आणखी रेशीम आणि आणखी जर मागतात. मंत्र्याच्या एका गप्प राहण्याची किंमत अँडरसनने तिथल्या तिथे मांडून ठेवली आहे.

म्हणून मी सांगते, बोलायचे ते मागापाशी बोलावे. मिरवणुकीत बोलणाऱ्या पोराचे आपण फार कौतुक करतो. ते पोर गोड आहे, पण तोवर रेशीम गेलेले असते, शिवाय त्या पोराला गमावण्यासारखे पदही नसते. अँडरसनला हे कथाबीज जर्मन भाषांतरातून मिळाले. मूळ गोष्ट हुआन मान्वेल या स्पेनच्या लेखकाच्या १३३५ सालच्या कथासंग्रहातली. तिथे अट वेगळी आहे. जो आपल्या मानलेल्या बापाचा खरा मुलगा नाही, त्याला कापड दिसत नाही, आणि तसे ठरले तर वारसा बुडतो. तिथे खरे बोलतो तो राजाचा घोडा सांभाळणारा काळा मोतद्दार, कारण आपण कोणाचे पुत्र ठरतो याने त्याचे काही बिघडणार नसते. दोन्ही गोष्टींत बोलणारा असा मोकळा आहे. तू मोकळा माणूस नाहीस, तुला पगार आहे आणि पद आहे, तेव्हा ‘त्या मुलासारखे व्हा’ हा उपदेश तुझ्या काय कामाचा? तुझी जागा मंत्र्याची आहे.

आणखी एक गोष्ट, जी संपादकाला ठाऊक असलीच पाहिजे. १८३७ च्या एप्रिलमध्ये कोपनहेगनला ही गोष्ट ‘छोटी जलपरी’बरोबर प्रसिद्ध झाली, त्याआधी हस्तलिखितात ते पोर नव्हतेच. तिथे सम्राट हाच पोशाख प्रत्येक मिरवणुकीत घालायचे ठरवतो आणि सारे गाव त्याची वाहवा करते. पोराचे बोलणे अँडरसनने मुद्रिते हातात असताना घातले. त्याने गोष्ट अजरामर झाली हे मला मान्य आहे. पण मंत्री आणि रिकामा माग पहिल्यापासून तिथे होते.

आता तू म्हणशील, बाईंना बोलायला काय जाते. माझे बरेच गेले आहे. एका निवड समितीत सर्वांनी डोक्यावर घेतलेल्या एका हस्तलिखिताविषयी मी म्हटले होते की मला यात काही दिसत नाही. ‘यात काही नाही’ असे मी म्हटले नव्हते, फक्त मला दिसत नाही एवढेच, आणि एवढे म्हणायचा हक्क कोणालाही असतो. जिने नंतर जिन्यात मला ‘अगदी माझ्या मनातले बोललीस’ म्हणून सांगितले, ती मैत्रीण बैठकीत खाली पाहत बसली होती. पुढे मला त्या समितीवर कोणी बोलावले नाही आणि ती मैत्रीणही हळूहळू दुरावली, याची खंत आहे. पुस्तक निघाले, कदाचित ते चांगलेही असेल. त्याने माझ्या म्हणण्यात काही फरक पडत नाही. मी काय पाहिले ते विचारले होते, ते मी सांगितले. हट्टी म्हणतात मला. म्हणू देत.

तेव्हा तात्पर्य वाईट आहे असा वाद घालत बसू नकोस. तुला वादात हरवतील, त्यांचा अनुभव मोठा आहे. ‘ही ओळ मला या गोष्टीत कुठे दिसत नाही, कुठे आहे ते दाखवा’ एवढेच म्हण आणि मूळ शेवट वाचून दाखव. वाचायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. हे पुढच्या बैठकीतच कर, पुस्तक बाजारात आल्यावर मला पत्र लिहून नव्हे, कारण तेव्हा मी उत्तर देणार नाही. आणि चित्रकाराला विचार, मंत्र्याच्या पानावर मागावर काय काढणार आहे. फिकट रंगात का होईना, कापड काढले असेल तर पान परत पाठव.

तुझी,
जुनी संपादिका