वाचकांचे प्रश्न : थंडीतले पाहुणे आणि आपला कॅमेरा

दिवाळीनंतर लगेच भिगवणला गेलो, पण रोहित एकही दिसला नाही. आमचं काय चुकलं? (हडपसर)

चुकली ती फक्त वेळ. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, आणि तो उथळ पाण्यातला गाळ चोचीने गाळून खातो. पावसाळा चांगला झाला की नोव्हेंबरात उजनी धरण (भिगवण त्याच्याच काठावर आहे) काठोकाठ भरलेलं असतं आणि त्याला उभं राहायला जागाच मिळत नाही. पुढे रब्बीच्या आवर्तनांना पाणी सुटतं, पातळी उतरते, गाळपेराची, म्हणजे पाण्याखालची गाळाची, जमीन उघडी पडायला लागते, तेव्हा थवे येतात. जानेवारीअखेर ते मार्च हा काळ बहुधा हमखास. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेला हंस), चक्रवाक, थापट्या बदकं यांच्यासाठी मात्र डिसेंबर-जानेवारीच गाठा. मार्चमध्ये ती परतीला लागतात.

निघायच्या दोन दिवस आधी कुंभारगावच्या किंवा डिकसळच्या नावाड्याला फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. पुण्यातून अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो, म्हणून साडेचारला घर सोडा आणि पावणेसातला नावेत बसा.

माझ्याकडे ७०-३०० मिमीची लेन्स आहे. ६०० घेतल्याशिवाय पक्ष्यांचे फोटो येणारच नाहीत का? (कोथरूड)

येतील. जरा हिशोब करून बघा. रोहिताची उंची साधारण १.३ मीटर. तो ४० मीटरवर असेल तर ३०० मिमीवर त्याची प्रतिमा सेन्सरवर जवळजवळ १० मिमी येते. क्रॉप सेन्सरची (बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत असतो तो लहान सेन्सर) उंची असते १५-१६ मिमी, म्हणजे आडव्या चौकटीची पाऊण नाही तरी दोन-तृतीयांश उंची त्याने भरली. याउलट धोबी पक्षी जेमतेम १८ सेंटीमीटरचा. तो ४० मीटरवर ठिपकाच दिसणार, त्याला ८ मीटरवर आणावं लागतं. त्याच्या मागे धावून ते जमत नाही. पुण्याजवळ मुळा-मुठेवरच्या कवडीपाटला बंधाऱ्यालगत सूर्य पाठीशी घेऊन खाली बसा आणि अर्धा तास हलू नका. धोबी, तुतवार किडे टिपत टिपत आपणच जवळ येतात. मोठी लेन्स हवीच असेल तर आधी दोन दिवस भाड्याने आणा. दोन-तीन किलो वजन नावेत हातावर तोलता येतंय का, हे विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

पांढरे पक्षी पार जळून जातात, पिसांचा तपशील उरत नाही. (सिंहगड रोड)

मागे गडद पाणी किंवा काळा गाळ असला की कॅमेऱ्याला वाटतं दृश्य अंधारलेलं आहे. तो उजेड वाढवतो आणि पांढरा पक्षी जळतो. तोच पक्षी आभाळासमोर आला की उलट काळवंडतो. पक्ष्यावर पडणारं ऊन मात्र दोन्ही वेळा सारखंच असतं, म्हणून मॅन्युअल मोड वापरा, म्हणजे उजेड कॅमेरा नाही, तुम्ही ठरवाल. साडेआठच्या सुमाराच्या स्वच्छ उन्हात शटर १/२०००, एफ ६.३, आयएसओ ६४० इथून सुरुवात करा. एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा. उजव्या कडेला चिकटला असेल तर आयएसओ ५०० किंवा ४०० करा. ढग आला, ऊन चढलं की पुन्हा तपासा. ऑटोवरच राहायचं असेल तर गडद पाण्यासमोर उणे ०.७ ते १ आणि आभाळासमोर अधिक १ ते १.७ उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) द्या.

थवा उडाला की हाती फक्त शेपट्या लागतात. नावाडी नाव जवळ नेतो तरीही! (बिबवेवाडी)

जवळ नेतो म्हणूनच शेपट्या मिळतात. घाबरलेला पक्षी तुमच्यापासून दूर पळतो, तो समोरून मिळणार कसा? आणि नुकसान फोटोपुरतं थांबत नाही. रोहिताला उडण्याआधी पाण्यावर बराच धावून वेग घ्यावा लागतो. पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेले असतात आणि त्यांना तेवढंच परत जायचं असतं, त्यासाठी चरायला आणि विसावायला निवांत वेळ लागतो. दिवसात दहा नावांनी दहादा उठवलं तर तो वेळ उरतच नाही.

रोहितांच्या मानांकडे बघत राहा. चोच उलटी करून पाण्यात बुडवलेली असेल तर सगळं ठीक. चार-पाच माना एकदम वर आल्या, थवा दाटीने एका दिशेला चालायला लागला, की नाव तिथेच थांबवायची. दहा मिनिटांत माना पुन्हा खाली जातात. मोटर असेल तर बरीच आधी बंद करून पुढे वल्ह्यावर किंवा बांबूवर चला. सरळ थव्यावर न जाता तिरकं जा. "दादा, पक्षी उठवायचे नाहीत," हे पैसे ठरवतानाच सांगा. पुष्कळदा गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणूनच ते बिचारे उठवतात.

समोरून उड्डाण मिळवायची युक्ती वाऱ्यात आहे. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उठतात आणि उतरतात. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी येतील अशी नाव लावून थांबलात, तर आपणहून उठणारा किंवा उतरणारा थवा तुमच्याकडे तोंड करून येतो.

मयूरेश्वर अभयारण्यात गाडीतून काढलेला एकही फोटो करकरीत नाही. लेन्स बिघडली का? (वानवडी)

आधी हवा तपासा. अभयारण्याच्या, म्हणजे सुप्याच्या, माळावर ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते. दूरच्या धाविक पक्ष्यावर फोकस अचूक असला तरी पिसं विरघळल्यासारखी दिसतात, आणि लेन्स कितीही महागडी असली तरी त्यावर इलाज नाही. साडेनऊपर्यंत काम उरका, नंतर फक्त जवळचे पक्षी घ्या. दुसरं कारण गाडीच. आत हीटर किंवा एसी चालू असेल तर खिडकीतून गरम-गार हवेचा लोट थेट लेन्सपुढून जातो. दोन्ही बंद करून काचा पंधरा मिनिटं उघड्या ठेवा. इंजिनही बंद करा, कंप जातो. जुन्या जीनचा एक पाय कापून, शिवून त्यात दोन किलो तांदूळ भरा आणि ती पिशवी दारावर ठेवून लेन्स टेकवा. गाडी रस्त्यावरच ठेवा आणि खाली उतरू नका: भोवत्या हा शिकारी पक्षी माणसाला बघून वळतो, गाडीला सहसा नाही.

फरसाण टाकलं की कुरव (सीगल) अगदी हाताशी येतात. काय हरकत आहे? (औंध)

तळलेलं, खारट बेसन हे त्यांचं अन्न नव्हे, आणि आयत्या खाण्यावर झुंबड उडते त्यात पक्षी एकमेकांना जखमी करतात. कृपा करून टाकू नका. सकाळी मच्छीमार जाळं उपसतात तिथे कुरव आणि नदीसुरय आपणहून घिरट्या घालतात. त्या नावेपासून २०-२५ मीटरवर, जाळ्याला अडथळा होणार नाही असे थांबा. शटर १/२५०० ठेवा, सलग फोकस लावा आणि एकच पक्षी धरून त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत राहा.