दंडाने जबाबदारी येत नाही: कुमार गटाच्या खो-खो प्रशिक्षकाला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. कुमार गटाचा संघ आहे, मुलं गुणी आहेत. पण सरावाला निम्मी उशिरा येतात, सगळ्यात चांगला पळणारा मनाला येईल तेव्हा उगवतो, हरल्यावर एकमेकांवर ढकलाढकली चालते आणि कर्णधार मैत्रीपायी गप्प बसतो. म्हणून उशिरा येणाऱ्याला दहा रुपये दंड आणि सगळ्या संघाला पाच राउंड, असा नियम करावा का, असं तुम्ही विचारलंय.

माझं स्पष्ट मत आहे, करू नका. हे दोन्ही उपाय मी अनेक मैदानांवर पाहिलेत. दहा रुपये भरले की हिशेब मिटतो. ज्याच्या खिशात पैसे असतात तो निवांत उशिरा येतो आणि ज्याच्याकडे नसतात तो त्या दिवशी येतच नाही. एकापायी सगळ्यांना पळवलं, तर वेळेवर आलेल्यांना वेळेवर येण्याचीच शिक्षा मिळते. मुलं तुम्हाला घाबरून वागतात, आणि तुम्ही मैदानाबाहेर गेलात की दहा मिनिटांत सराव ढिला पडतो. मुलांनी एकमेकांना उत्तर द्यायला शिकलं पाहिजे, तुम्हाला नंतर. त्यासाठी खो-खोइतका सोयीचा खेळ दुसरा नाही.

आक्रमणाला आठ जण चौकोनांत बसलेले असतात, एक पाठलागावर असतो. गडी निसटला की सगळ्यांची नजर जाते ती शेवटी सूर मारून हुकलेल्या मुलावर. शिव्याही त्यालाच. पण तुम्ही बाजूच्या रेषेवर उभं राहून बघा. गडी बहुतेक वेळा दोन-तीन खो आधीच सुटलेला असतो. मधल्या चौकोनातला कोणीतरी टाचांवर बसलेला असतो, खो मिळाल्यावर त्याला उठायला एक पाऊल जास्त लागतं. किंवा खो देणाऱ्याचा हात आधी लागतो आणि आवाज मागून येतो, पंच शिट्टी मारतात, आक्रमकाला उलट्या दिशेने जावं लागतं आणि तेवढ्यात पळणारा श्वास घेऊन ताजातवाना. गुणपत्रकात यातलं काहीच येत नाही. तिथे कोणी कोणाला टिपलं आणि संरक्षक किती वेळ टिकला एवढंच येतं. त्यामुळे ढकलाढकलीचं मूळ मुलांच्या स्वभावात कमी आणि न दिसणाऱ्या कामात जास्त आहे. जे कुणी पाहिलंच नाही, त्याचा जाब कोण कुणाला विचारणार?

म्हणून पहिलं काम, एक साधी वही करा. ‘मेहनत कमी पडली’, ‘मन लावून खेळला नाही’ असलं काही तीत लिहायचं नाही. डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं: बसताना वजन पंजांवर होतं का, खो देताना हात आणि आवाज एकदम आला का, दिशा चुकली का, खांबावरचा मुलगा जागेवर सावध होता का. संरक्षणात तिघांच्या तुकडीने आधी ठरवलेला क्रम पाळला का, आणि पुढची तुकडी आत शिरायला तयार होती का. शेवटचा मुद्दा लहान वाटेल, पण तुकडीतला तिसरा गडी बाद झाला की दोन खो व्हायच्या आत पुढच्या तिघांना मैदानात यावं लागतं, नाहीतर न पळताच बाद. बुटाची नाडी बांधत बसलेला एक जण स्वतःबरोबर संघाचाही घात करतो. अशा चार-पाचच गोष्टी घ्या, आणि त्या कोणत्या हे मुलांनाच ठरवू द्या.

ही वही तुम्ही लिहायची नाही, राखीव मुलांनी लिहायची, आळीपाळीने. बाहेर बसलेल्या मुलाला काम मिळतं आणि त्याचा खेळ वाचण्याचा डोळा तयार होतो. मुख्य म्हणजे, उद्या त्याच्या जागी बसणारा दुसरा कोणी त्याचंही असंच लिहिणार आहे हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे नोंद प्रामाणिक होते.

आता उशिराबद्दल. संघाच्या जोड्या लावा, एक मोठा आणि एक धाकटा, आणि काही आठवड्यांनी बदला. उशीर होणार असेल तर फोन जोडीदाराला करायचा, तुम्हाला नाही. जोडीदार आल्याशिवाय वेळेवर आलेल्याने वॉर्मअप सुरू करायचा नाही, तोवर मैदान झाडणं, पाणी भरणं अशी कामं करायची. यात ओरडणं नाही, पैसे नाहीत, पण आपल्यासाठी एक जण ताटकळत उभा आहे हे मुलाला दिसतं. सरांना थाप मारणं सोपं असतं. रोज सोबत पळणाऱ्या, शेजारच्या चौकोनात बसणाऱ्या मित्राला थाप मारणं जड जातं.

मात्र कारण आधी विचारा. गावाकडच्या संघांत निम्मे उशीर एसटीचे असतात. पेरणीच्या दिवसांत मुलं शेतावर असतात, दहावीच्या मुलांचे क्लास असतात. कुणाचे बूट फाटलेले असतात आणि सांगायला लाज वाटते. मुलींच्या संघात मासिक पाळीचा त्रास पुरुष प्रशिक्षकाला सांगता येत नाही, जोडीदारणीला सांगता येतो. जमत नसणारा आणि करत नसणारा यांना एकाच मापाने मोजलं, की चांगली मुलं कायमची तुटतात. एसटी सहा वाजता पोचत असेल तर सराव सव्वासहाला सुरू करा, विषय संपला.

सराव संपल्यावर पाच मिनिटं गोल करून बसा, पिशव्या उचलायच्या आधी. वहीवाला नोंदी वाचेल. मग ज्याची नोंद आहे तो स्वतः आधी बोलेल, नंतर बाकीचे. ‘काही जण नीट बसत नाहीत’ असं मोघम बोलायला बंदी. नाव घेऊन, तोंडावर, आणि उद्या काय करायचं ते सांगून. आपल्याकडे धाकट्याने मोठ्याला चूक दाखवणं म्हणजे आगाऊपणा समजतात, त्यामुळे सुरुवातीला सगळे मान खाली घालून बसतील. घाई करू नका. एका मुलींच्या संघात हे रुजायला अख्खा हंगाम गेला. शेवटी एक आठवीतली पोरगी राज्य स्पर्धा खेळून आलेल्या मुलीला म्हणाली, ‘ताई, तू खो देताना पुटपुटतेस, मला ऐकूच येत नाही, मी बघत राहते.’ ताई क्षणभर लाल झाली, मग म्हणाली, ‘उद्यापासून ओरडते, नाही ओरडले तर तिथल्या तिथे सांग.’ दुसऱ्या दिवशी तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

तुमचा तो चांगला पळणारा, ही खरी कसोटी. तो आठवडाभर गायब राहून सामन्याला पहिल्या तुकडीत उतरला, तर वही, जोड्या, गोल, सगळं फुकट. निवडीचा निकष हंगामाच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहा. स्पर्धेच्या आधीच्या सरावांना न सांगता गैरहजर राहणारा पहिल्या तुकडीत नाही, मग तो कोणीही असो. हे त्याला सामन्याच्या सकाळी नाही, चार दिवस आधी एकट्याला बोलावून शांतपणे सांगा. वडिलांचा फोन येईल, संस्थेच्या पदाधिकाऱ्याचाही येईल. माझ्याकडे आले आहेत. त्या वेळी मागे हटू नका, कारण बाकीची अकरा मुलं तुमच्याकडेच बघत असतात.

कर्णधाराला पोलीस बनवू नका. चुगली करणारा म्हणून त्याची मैत्रीही जाईल आणि मानही. नाणेफेक, तुकड्यांचा क्रम, सामन्यात पंचांशी बोलणं आणि गोलाची सुरुवात, एवढं त्याला द्या. बाकीचं जोड्या सांभाळतील.

आणि तुम्ही स्वतः. तुमचंही नाव वहीत असू द्या. सराव वेळेवर सुरू झाला का, ठरलेलं शिकवलं का, हेही मुलांनी लिहावं. हरल्यावर तुमच्या तोंडून एकदा जरी ‘पंचांनी घालवलं’ असं निघालं, तर पुढच्या गोलात प्रत्येकाकडे तेच उत्तर असेल.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. ते सामने मुलांना दाखवा, पण गडी टिपतानाचे सूर बाजूला ठेवा. बसलेल्यांच्या पायांकडे बघायला सांगा. तिथे तुमच्या वहीतल्या पहिल्या दोन ओळी आपोआप निघतील.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: राखीव मुलं किती आहेत आणि ती सरावात नेमकं काय करतात? ते कळवा, म्हणजे वहीची पाळी कशी लावायची ते सविस्तर सांगता येईल.