आभाळाचा प्रश्न: अंधार कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा

मागच्या अंकात आम्ही 'तुम्ही शेवटची आकाशगंगा कधी बघितली' असं सहज विचारलं होतं, तर जळगाव-धुळे-नंदुरबारकडून खूप पत्रं आली, आणि निम्म्या लोकांनी लिहिलंय की कधीच नाही. वाचून वाईट वाटलं खरं. त्यातली काही पत्रं इथे घेतोय.

प्रश्न: जळगावात राहतो. गच्चीवरून मोजून पंधरा-वीस तारे दिसतात. आकाशगंगा बघायला किती लांब जावं लागेल? सातपुड्यात गेलं की झालं ना?

दादा, किती लांब यापेक्षा कुठल्या बाजूला हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि खान्देशात तर फारच. आकाशगंगेचा सगळ्यात भरगच्च भाग वृश्चिक आणि धनु राशीत आहे, म्हणजे आपल्याकडून दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४० अंश वर. आता तुम्ही यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याला गेलात तर जळगाव, भुसावळ, हायवे, सगळा उजेड तुमच्या दक्षिणेला येतो, म्हणजे बरोब्बर जिकडे बघायचं तिकडेच. मी स्वतः हा अनुभव घेतलाय. यावल तालुक्यात ओळखीच्यांच्या केळीच्या शेतात मे महिन्यात बाज टाकून झोपलो होतो, उत्तरेला काय आभाळ होतं, ध्रुवाच्या आजूबाजूला एरवी रिकामी वाटणारी जागा बारीक बारीक चांदण्यांनी भरलेली, आणि मान वळवून दक्षिणेला बघितलं तर दुधाळ पिवळट घुमट. वृश्चिकेतला ज्येष्ठा तारा लालसर दिसत होता, पण विंचवाची नांगी त्या उजेडात बुडालेली. रात्रभर वाट बघितली, ती काही वर आलीच नाही.

तेव्हा उन्हाळ्यातली आकाशगंगा बघायची असेल तर शहर पाठीमागे म्हणजे उत्तरेला ठेवा. पाचोरा-भडगावच्या खाली, चाळीसगावहून अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे, असं. डोंगराच्या अगदी कुशीत नका बसू, दक्षिण क्षितिज झाकलं जातं. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर जायचं असेल तर मात्र सातपुडा उत्तमच, कारण तेव्हा संध्याकाळी बघायच्या वस्तू, शर्मिष्ठा आणि देवयानी हे तारकासमूह, कृत्तिकांचा पुंजका, या सगळ्या डोक्यावर किंवा उत्तरेकडे असतात. देवयानीतली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, साध्या डोळ्याला कापसाच्या बोंडातून सुटलेल्या पुंजक्यासारखी दिसते आणि तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. साध्या डोळ्याने एवढं लांबचं सहजी दिसणारं दुसरं काही नाही.

सातपुड्यातलं तोरणमाळ उन्हाळा-हिवाळा दोन्हीसाठी चांगलं. उंची हजार मीटरच्या वर, खालच्या मैदानातली धूळ बरीचशी खालीच राहते. यशवंत तलावाच्या काठावर वारा पडलेला असताना मृगातला काक्षी तारा आणि खाली व्याधाचा तारा, दोघं पाण्यात उतरलेले मी बघितलेत, व्याधाची तर पाण्यात लांब रेघ होते. फक्त महाशिवरात्रीला नका जाऊ. माघ वद्य चतुर्दशी म्हणजे चंद्र जवळजवळ नाहीच, तारीख बघून मोह होतो, पण तिथे गोरक्षनाथांची यात्रा असते, गाड्या आणि लाइटं. त्या रात्री दुसरीकडे कुठेही जा.

जागा चांगली आहे का ते कळायला अ‍ॅप लागत नाही, हिवाळ्यात कृत्तिका बघा. नुसता धुरकट ठिपका दिसला तर शहर अजून सुटलं नाही, सहा तारे सुटे मोजता आले तर बसा तिथेच. चंद्राचं गणित तर आपल्या भिंतीवर लटकलेलंच आहे, महिना अमावास्येला संपतो, तेव्हा वद्य पक्षाचा शेवटचा आठवडा धरा. मेच्या अमावास्येला रात्री एक-दीडला धनु रास दक्षिणेला चढलेली असते, दिवसभर ४४ डिग्री खाल्लेली गादी तोवर जरा थंड झालेली असते. आश्विनातली अमावास्या मात्र टाळा, दिवाळीच्या फटाक्यांचा धूर.

प्रश्न: मुलासाठी ऑनलाइन टेलिस्कोप घेतला, ६० मिलिमीटरचा, खोक्यावर ६७५ पट लिहिलं होतं. काहीच दिसत नाही, सगळं थरथरतं. मुलगा नाराज झालाय. (धुळे)

ताई, तुमचं किंवा मुलाचं काही चुकलेलं नाही, खोक्यावरचा आकडा खोट्या आशेला लावणारा आहे. दुर्बिणीची खरी ताकद भिंग किती रुंद यावर असते, मोठं किती दाखवते यावर नाही. ढोबळ हिशोब असा की एक मिलिमीटर रुंदीला जास्तीत जास्त दोन पट. तुमचं भिंग ६० मिलिमीटरचं म्हणताय, म्हणजे १२० पटाच्या वर नुसता अंधूक गोळा. त्यात ती बारीक तिपाई, हात लागला की गुरू पळाला.

पण फेकू नका हं. सोबत आलेल्या आयपीसमधला, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगांमधला, ज्याच्यावर सगळ्यात मोठा आकडा आहे, २० किंवा २५, तो लावा, बार्लो, म्हणजे पट वाढवणारी मधली नळी, काढून टाका, तिपाई पूर्ण आखूड करून मधोमध वाळूची पिशवी लटकवा, आणि सप्तमी-अष्टमीचा चंद्र दाखवा. पौर्णिमेचा नको, तेव्हा सावल्या नसतात म्हणून खड्डे सपाट दिसतात. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर एकेक विवर असं उठून दिसतं की मुलगा बाजूला व्हायचं नाव घेणार नाही. मग गुरूचे चार चंद्र, रोज रात्री वहीत चार ठिपके काढायला सांगा, जागा बदललेली दिसेल. गॅलिलिओने १६१० साली हेच केलं होतं आणि त्याची दुर्बीण तुमच्यापेक्षा साधी होती.

ज्यांनी अजून काही घेतलं नाही त्यांनी आधी १० बाय ५० ची, म्हणजे १० पट दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची, बायनॉक्युलर घ्या, आणि त्याच्याही आधी एक वर्ष नुसते डोळे वापरा.

प्रश्न: डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो म्हणतात, मला तर पाच मिनिटांत सगळं दिसतं. (अमळनेर)

पाच मिनिटांत पायवाट दिसते हो, बारीक तारे नाही दिसत. डोळ्याची बाहुली पटकन मोठी होते, पण डोळ्यातलं मंद उजेड पकडणारं द्रव्य तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं जातात आणि एकदा मोबाइल बघितला की ती सगळी कमाई गेली. लाल उजेडाने नुकसान कमी होतं म्हणून मी टॉर्चवर पतंगाचा लाल कागद दोन पदरी करून रबर लावतो. अजून एक, पुसट वस्तू थेट बघू नका, तिच्या जरा बाजूला नजर ठेवा, म्हणजे ती दिसायला लागते, कारण मंद उजेडाच्या पेशी नजरेच्या मध्यावर नसतात, कडेला असतात.

प्रश्न: गल्लीत नवीन पांढरे एलईडी लागले, आता गच्चीवर पेपर वाचता येतो. तक्रार केली तर म्हणतात तुम्हाला उजेड नको का? (भुसावळ)

उजेड हवाच, बायाबापड्यांना रात्री रस्ता दिसायलाच पाहिजे, यावर वाद नाही. प्रश्न दिव्याचं तोंड कुठे आहे याचा आहे. तोंड आडवं किंवा तिरकं ठेवून लावलेल्या दिव्याचा बराच उजेड आभाळात आणि लोकांच्या खिडकीत जातो, तो कोणाच्याच उपयोगाचा नाही आणि बिल मात्र भरावं लागतं. त्यात भगभगीत पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त, निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणूनच दिवसा आभाळ निळं दिसतं, आणि म्हणूनच त्या दिव्यांनी रात्रीचं आभाळ जास्त उजळतं. तेव्हा अर्जात 'दिवा काढा' लिहू नका, 'वर झाकण बसवा, तोंड खाली करा, पिवळसर रंगाचा लावा' असं लिहा आणि गल्लीतल्या दहा जणांच्या सह्या घ्या. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, तिथेही आजूबाजूच्या गावातले दिवे खाली तोंड करणारे लावले, गावं काही अंधारात नाही गेली.

प्रश्न: पाटणादेवीला रात्री आकाशदर्शन करता येईल का? भास्कराचार्यांची जागा म्हणून फार इच्छा आहे. (चाळीसगाव)

इच्छा समजते. भास्कराचार्य म्हणजे आपले जुने मोठे गणिती आणि खगोलशास्त्री, जन्म १११४ चा, त्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' ग्रंथ ११५० चा, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला त्याचा शिलालेख पाटणचाच. पण तो भाग गौताळा अभयारण्याचा, बिबट्याचा वावर आहे, तेव्हा परस्पर रात्री घुसायचं नाही, वनविभागाला विचारूनच काय ते. दिवसा शिलालेखाचं दर्शन घ्या आणि रात्री अलीकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात, त्याला सांगून, थांबा. बूट घाला, बाजेवर झोपा, खाली नको.

प्रश्न: आमची आजीमाय 'तिकांडं' बघून वेळ सांगायची, घड्याळ नव्हतं. हे खरंच जमतं का? (शिरपूर)

जमतं! तिकांडं म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे. ते जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात, पश्चिमेला मावळतात आणि मध्ये बारा तास लागतात. डिसेंबरच्या मध्यावर ते मध्यरात्री सगळ्यात वर येतात, सहाच्या सुमाराला मावळतात, म्हणजे तिकांडं पश्चिमेला टेकलं की उजाडायला आलं. दर दिवशी चार मिनिटं लवकर, महिन्याला दोन तास, एवढं लक्षात ठेवलं की झालं. रात्री लाइट आल्यावर शेतात पाणी भरायला जाणाऱ्या आपल्या जुन्या माणसांना हे पाठ असायचं. आजीमाय सप्तर्षीतल्या चौकोनाच्या चार ताऱ्यांना खाटलं म्हणायची का? आणि त्यामागच्या तीन ताऱ्यांची, तीन चोरांची गोष्ट सांगायची का? घरात कोणाला आठवत असेल तर तिच्याच शब्दात लिहून पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवतोय.