नुसती खुर्ची धरायला ग्रंथालयात जाऊ नका

पुढच्या वर्षी कॉलेजला जायचंय, घरात शांतता नाही, तर सार्वजनिक ग्रंथालयाचं सभासद होऊन काही फायदा होईल का, असं तुम्ही विचारलंय. होईल, भरपूर होईल. फक्त बहुतेक जण करतात तसं करू नका: आपल्याच नोट्स घेऊन जायचं, अभ्यासिकेत खुर्ची धरायची आणि कपाटांकडे ढुंकूनही न बघता घरी यायचं.

आधी ग्रंथपालांना गाठा. लोक उगाच बिचकतात. प्रश्न ऐकून घेणं हे त्यांचं कामच आहे. मात्र प्रश्न नीट विचारा. ‘शिष्यवृत्तीचं पुस्तक आहे का?’ म्हणालात तर एक जाडजूड ठोकळा हातात पडेल. ‘भौतिकशास्त्र घ्यायचंय, घरचं उत्पन्न बेताचं आहे, अर्ज कुठे करता येईल?’ असं विचारलंत की शोधायला नेमकी दिशा मिळते. पुस्तकं ड्युई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देऊन, लावलेली असतील तर ३७८ म्हणजे उच्च शिक्षण आणि ३७८.३ म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणारं अर्थसाहाय्य. त्या कपाटापुढे थोडा वेळ उभे राहा, न मागितलेलंही बरंच सापडतं.

माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे. ज्या विषयाला जायचंय त्याचं पहिल्या वर्षाचं पाठ्यपुस्तक घरी न्या. पहिलं प्रकरण सोडा, ते सगळ्यांनाच आवडतं. मधलंच एखादं काढा, वाचा आणि त्याखालचे प्रश्न सोडवायला बसा. अर्थशास्त्र म्हणजे बातम्यांवरच्या गप्पा असं वाटत असेल तर तिथे आलेख आणि कॅल्क्युलस भेटतं. मानसशास्त्र घेणाऱ्याला संख्याशास्त्र चुकत नाही. (माणसं वाचायला आलेली मुलं इथेच गळपटतात.) हे फी भरण्याआधी कळलेलं बरं. पुस्तक तिथे नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देण्याची सोय आहे का, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी असते.

इंटरनेट, प्रिंटर वगैरेंची सोय चौकशी केलीत की कळेलच.

प्रवेश परीक्षेचं पुस्तक उचलताना मात्र आतल्या पानावरचं प्रकाशनाचं वर्ष बघा. अभ्यासक्रम बदलला तरी जुन्या आवृत्त्या कपाटात तशाच असतात. नव्या आवृत्त्या परीक्षा जवळ आली की जागेवर दिसत नाहीत, त्यामुळे पुस्तक राखून ठेवायची सोय असेल तर आत्ताच नाव घालून ठेवा.