नोकरी सांभाळून रंगवू पाहणाऱ्यास

रत्नागिरीतील कार्यालयीन नोकरी सोडल्याशिवाय चित्रकार होता येणार नाही, ही तुमची धारणा मला पटत नाही. १९३८मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये कला-दिग्दर्शकाचे पद सांभाळून अभिव्यक्तिवादी वळणाची, म्हणजे दृश्य हुबेहूब न उतरवता मनातली भावना रंग-रेषांतून मांडणारी, चित्रे काढत आणि रझा, आरा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांना घरी बोलावून मार्गदर्शनही करत.

तुमची खरी अडचण वेळेपेक्षा माध्यमाची आहे. तैलरंग हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन सावकाश वाळतात, आणि तुम्हाला काढायच्या असलेल्या अभिव्यक्तिवादी चित्रांत अनेकदा येणारे जाड थर कोकणातल्या दमट पावसाळ्यात तर फारच रेंगाळतात. म्हणून आठवड्यातील संध्याकाळी पाण्यात मिसळणारे, लवकर वाळणारे ॲक्रिलिक रंग वापरावेत, तैलरंग उन्हाळ्यासाठी ठेवावेत. ट्यूबलाइटखाली ठरवलेला रंग दिवसाच्या उजेडात निराळा दिसतो, तेव्हा संध्याकाळी रचना आणि रेषा पक्की करावी व रंगाचा निर्णय रविवारी सकाळी घ्यावा.

जांभ्या दगडाची भिंत हुबेहूब तांबडी रंगवण्याचा हट्ट नसावा. दमून घरी परतताना ती काळीनिळी आणि अंगावर येणारी भासली असेल, तर तशीच रंगवावी. रंग उधळले की अभिव्यक्तिवाद झाला, असा समज मात्र करून घेऊ नये (प्रदर्शनांतही तो पुष्कळ आढळतो), कारण कच्ची रेषा भडक रंगात अधिकच उघडी पडते. कागदावरील कामे भिंतीला टेकवून ठेवू नयेत, त्यांना बुरशी धरते.