गोष्ट ऐकायला जाशील तेव्हा

प्रिय बाय,

तुझी वही परवा रात्री वाचून संपवली. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बेचाळीस गोष्टी आणि प्रत्येकीखाली तू लाल शाईत लिहिलेलं ‘खरं’, ‘खोटं’ किंवा ‘शास्त्रीय कारण’. मेहनत दिसते, आनंद झाला. पण ती लाल शाई आता काही वर्षं बाजूला ठेव.

आचऱ्याची गावपळणच घे. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरं-ढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्या घालून राहतं. तू खाली लिहिलंस, ‘रोगराई टाळण्यासाठी’. असेलही. पण ते एक वाक्य लिहून तू वही मिटलीस. रानात पहिल्या रात्री चूल कोण पेटवतं, एरवी न बोलणारी दोन घरं तिथे शेजारी आली तर काय होतं, म्हातारी माणसं बंद घरांबद्दल काय बोलतात, यातलं काही तू विचारलं नाहीस. कारण सापडलं की कुतूहल संपतं, आणि डोळे मिटून विश्वास ठेवला तरी ते संपतंच. मला दोन्हींची सारखीच भीती वाटते.

तुझ्याएवढा असताना मी खाडीकाठच्या एका आजीकडे गेलो होतो. मागीलदारी आडाळ्यावर बसून ती तिसऱ्या कापत होती. प्रत्येक शिंपली पात्यावर टेकवून दाबायची, आतलं पाणी ताटलीत निथळायचं, आणि हात चालू असतानाच ती गिऱ्हाची गोष्ट सांगत होती. तिन्हीसांजेला पाण्यातून आपल्याच माणसाच्या आवाजात हाक येते, ओ द्यायची नाही. मी मध्येच विचारलं, “आजी, ह्या कुठच्या सालातला?” तिचा हात थांबला. “माका काय म्हायत,” म्हणाली आणि पुढे एक शब्द बोलली नाही. नंतर शेजारच्या घरी कळलं, तिचा धाकटा भाऊ त्याच खाडीत गेला होता. ती हाक कोणाच्या आवाजातली होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजही ते साल माझ्या वहीत नाही आणि ते नसल्याचं काही वाटत नाही. तिला मध्येच तोडलं, याचं मात्र वाटतं.

म्हणून सांगतो, आधी ऐक. ‘रातचो’, ‘म्हणान’, ‘चाळो’ हे शब्द जसे पडतील तसे उतरव, पुस्तकी करू नकोस. गोष्ट कोणी, कुठे बसून, कोणतं काम करताना सांगितली ते आधी लिही. देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं लिहून घेशील तेव्हा ‘व्हय महाराजा’ म्हणणाऱ्यांचे आवाजही लिही. त्यांच्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाशील तेव्हा घाई आणखी कमी कर. राजापूरजवळ देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. कशेळीच्या कातळावर भलामोठा हत्ती कोरलेला आहे. ही शिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गुराखी त्यांच्यावरून चालत होते आणि त्यांची त्यांची नावं ठेवत होते. अभ्यासकांनी दिलेली नावं छापून मिळतील; गुराख्यांची नावं मात्र तुलाच जाऊन गोळा करावी लागतील.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. ‘अमक्या घरातली बाई करणी करते’ असं कोणी सांगितलं तर घराचं, वाडीचं, बाईचं नाव वहीत नको. आपल्याकडे 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. असल्या गोष्टीमागे जिवंत बाई असते आणि तिला त्याच वाडीत राहायचं असतं. तुझ्या वहीचं एकतिसावं पान मी दुमडून ठेवलंय. ते फाड.

आता आरवलीच्या वेतोबाकडे ये. रात्री गावाची राखण करतो, चालून चालून चपला झिजतात, म्हणून माणसं नवसाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे, हेही तू नोंदवलंस. खाली लाल शाईत ‘खोटं’. अगं, पण चपला तर खऱ्या आहेत ना? त्या कोणीतरी शिवतो. देवाच्या पायाचं माप तो कुठून घेतो, शिवताना स्वतःच्या पायात काय घालतो, चामडं निवडताना काय बघतो, पहिला टाका घालण्याआधी काही म्हणतो का? बेचाळीस गोष्टींत त्या माणसाची एकही नाही. शिमग्याला येशील तेव्हा पालखीच्या गर्दीत शिरण्याआधी त्याच्याकडे जाऊन बस. वही पिशवीतच राहू दे, आणि त्याला दोरा ओवून दे.

तुझा,
काका