नाइट ड्युटी आणि ऑनलाइन एफएनपी : टाइमटेबलच्या आधी प्लेसमेंटचं बघ

तुझी पोस्ट दोनदा वाचली. टेलिमेट्रीला (पेशंटच्या हृदयावर मॉनिटरनं लक्ष ठेवणारा वॉर्ड) आठवड्याला तीन नाइट, चार वर्षांचा मुलगा, नवरा दिवसभर ऑफिसात, ऑनलाइन एफएनपीला (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर; नर्स प्रॅक्टिशनर किंवा एनपी म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषधं लिहिणारी नर्स) ॲडमिशन झालीय आणि तू विचारतेयस की झोप, असाइनमेंट आणि घर यांचं टाइमटेबल कसं बसवायचं. हे सगळं मी केलंय, टेक्सासमध्येच, आणि तू सांगलीची तर मी मिरजेची, म्हणून जरा हक्कानं आणि लांबलचक लिहितेय.

टाइमटेबलचं सांगते, पण तुझ्या पोस्टमध्ये एक वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीयस तिथे मी अडकले. "क्लिनिकल पुढच्या वर्षी आहे, शाळा प्लेसमेंटला सपोर्ट करते, तेव्हा मी पार्ट टाइम होईन." क्लिनिकल म्हणजे प्रत्यक्ष पेशंट बघत भरायचे तास आणि प्लेसमेंट म्हणजे त्यासाठी क्लिनिक मिळणं. माझं सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यात झालं, नाइटमुळे नाही, अभ्यासामुळे तर अजिबात नाही.

थिअरीचं वर्ष निघतं गं. पॅथो (रोग कसे होतात), फार्मा (औषधं), असेसमेंट (पेशंट तपासणं) हे तिन्ही अवघड आहेत पण तू आयसीयू-टेलिमेट्रीवाली आहेस, अर्धं तुझ्या हाताखालून गेलेलं असतं. डिस्कशन बोर्डवर बुधवारपर्यंत पहिली पोस्ट, रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, एपीए फॉरमॅट (लेखन आणि संदर्भ देण्याची ठरलेली पद्धत), कॅमेरा लावून परीक्षा, हे सगळं कंटाळवाणं आहे पण ते तुझ्या वेळेनं होतं, पहाटे तीनला करा नाहीतर दुपारी तीनला. लोक 'ऑनलाइन' म्हणतात ते एवढ्यापुरतंच. क्लिनिकलचे तास समोर पेशंट बसवूनच भरावे लागतात आणि भरावेच. १९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड नावाच्या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स पहिल्यांदा सुरू केला तोच मुळी नर्सनं स्वतः मूल तपासावं, निर्णय घ्यावा यासाठी, त्यामुळे हा भाग स्क्रीनवर होऊ नये असंच माझं मत आहे. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी किमान ७५० तास सांगितलेत, आधी ५०० होते. म्हणजे जुन्या सीनियर मैत्रिणी "अगं होऊन जातं" म्हणतात त्यांचं ऐकताना हे लक्षात ठेव, त्यांचं गणित वेगळं होतं.

आता तुझं गणित कर. आठवड्याला दोन दिवस, आठ-आठ तास धरले तर ७५० तासांना साधारण ४७ आठवडे लागतात, म्हणजे तीन सेमिस्टर. तीन नाइट म्हणजे ३६ तास, त्यात हे १६, म्हणजे ५२, आणि तेव्हाही एखादा थिअरीचा कोर्स चालूच असतो त्याचे दहा-पंधरा धर. यात गाडी चालवणं नाही, मुलाचा ताप नाही, चार्टिंग नाही. म्हणून क्लिनिकलच्या काळात नोकरी कमी करावी लागते हे तुझं बरोबरच आहे, माझं म्हणणं फक्त 'कधी' याबद्दल आहे.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते, शाळेचं नाव विचारू नकोस, सांगणार नाही. त्यांच्या माहितीपत्रकात 'प्लेसमेंट सपोर्ट' असंच लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होता की प्रिसेप्टर (क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारी एनपी किंवा डॉक्टर) तू शोध, आम्ही फॉर्म घेतो. बरं, मी शोधला, एका फॅमिली प्रॅक्टिस क्लिनिकमधल्या एनपी बाई तयार झाल्या, स्वभावानं फार चांगल्या, त्यांनी त्यांचे कागद आठवडाभरात दिले. फॉर्म शाळेच्या मुदतीच्या पुष्कळ आधी माझ्याकडून गेला. आता शाळा आणि क्लिनिक यांच्यात एक ॲफिलिएशन ॲग्रीमेंट सही व्हावं लागतं, ते झाल्याशिवाय तू एकही तास मोजू शकत नाहीस. ते क्लिनिक एका मोठ्या कंपनीचं, त्यांच्या वकिलांनी विम्याच्या एका कलमात दुरुस्ती मागितली आणि ती मेल शाळेच्या प्लेसमेंट ऑफिसात पडून राहिली. मी मेल केली की उत्तर यायचं 'तुमची विनंती प्रक्रियेत आहे'. फोन केला की व्हॉइसमेल. माझी कोऑर्डिनेटर मधेच बदलली, नवीनला माझी फाइलच माहीत नव्हती, तिनं मला पुन्हा पहिल्यापासून फॉर्म भरायला सांगितला. क्लिनिकच्या मॅनेजर बाईनं शेवटी मलाच फोन करून विचारलं की तुमच्या शाळेत कुणी उत्तर देणारं माणूस आहे का.

आणि इकडे मी काय करून बसले होते, तर युनिटला फुल टाइमवरून खाली आले होते, कारण सेमिस्टरची तारीख ठरलेली होती आणि आमच्याकडे शेड्यूल सहा आठवडे आधी लागतं. माझी फुल टाइम जागा लगेच भरली गेली. सेमिस्टर सुरू झालं, सही नाही. ड्रॉपची (फी परत मिळवून कोर्स सोडायची) तारीख गेली, सही नाही. मग ऑफिसकडून दोन ओळींची मेल, की या टर्मला साइट मंजूर होऊ शकत नाही, कोर्समधून विथड्रॉ करा. फीचा मोठा भाग गेला. तो कोर्स वर्षातून एकदाच असायचा, म्हणजे पूर्ण वर्ष पुढे. तास कमी झाल्यामुळे हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता वाढला, हॉस्पिटलचं ट्यूशनचं पैसे परत देणं थांबलं कारण ते फक्त फुल टाइमला होतं. अभ्यास थांबला, पगार कमी, आणि कुणाचीही चूक नाही असं त्या ऑफिसचं म्हणणं. मला अजूनही त्या दोन ओळी आठवल्या की राग येतो. एवढी फी घेता, त्यात एक माणूस नेमा जो कागद कुठे अडकलाय ते सांगेल, एवढंच मागत होते मी.

आमच्या बॅचमध्ये माझ्यासारख्या आणखी होत्या. एका मल्याळी मैत्रिणीनं शेवटी पैसे घेऊन प्रिसेप्टर जोडून देणाऱ्या कंपनीला गाठलं, तिचं काम झालं पण खर्च भलताच. त्याला चूक म्हणणार नाही, पण फीच्या वर हा खर्च विद्यार्थ्यानं का करायचा हा प्रश्न माझा आहेच.

तर तुला काय करायचंय. तू अजून पहिल्या सेमिस्टरला आहेस हे फार बरं. आत्ताच शाळेला मेल कर, फोन नको, लेखी पाहिजे. विचार की प्रिसेप्टर शोधायची जबाबदारी नेमकी कुणाची, माझ्या काउंटीत तुमचं कुठल्या क्लिनिकशी आधीच ॲग्रीमेंट आहे त्यांची नावं द्या, नवीन ॲग्रीमेंटला साधारण किती महिने लागतात आणि शाळेकडून सही कोण करतं, आणि सेमिस्टर सुरू होईपर्यंत सही झाली नाही तर माझी सीट आणि फी यांचं काय होतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचंच उत्तर गोल गोल येईल, तेव्हा पुन्हा विचार. उत्तर नाहीच आलं तर प्रोग्राम डायरेक्टरला कॉपी कर. लाजू नकोस, आपण इथे आल्यावर उगाच फार नमून वागतो असं मला वाटतं, आपण फी भरतोय. शाळा अजून बदलता येण्यासारखी असेल आणि दुसरी एखादी शाळा स्वतः प्लेसमेंट करून देतो असं लेखी देत असेल तर थोडी महाग असली तरी मी तिकडे जाईन. सीसीएनई, एसीईएन अशा नर्सिंगच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता मात्र दोन्हीकडे बघ, ती नसेल तर पुढे सर्टिफिकेशनच्या परीक्षेलाच अडतं.

प्रिसेप्टर शोधताना अशी क्लिनिकं आधी धर ज्यांचं शाळेशी ॲग्रीमेंट आधीपासून आहे, नाहीतर डॉक्टर किंवा एनपी स्वतः मालक असलेलं छोटं क्लिनिक, तिथे सही करणारं माणूस तुझ्या समोर बसलेलं असतं. मोठ्या कंपनीची क्लिनिकं दिसायला छान पण कागद तीन राज्यं फिरून येतो. तुझ्या स्वतःच्या हॉस्पिटलच्या आउटपेशंट क्लिनिकचं बघितलंस का? तिथे ॲग्रीमेंट असण्याची शक्यता बरी असते. फक्त ड्युटीचे तास क्लिनिकलमध्ये धरता येत नाहीत, ते वेगळेच. मुलांचं आणि विमेन्स हेल्थचं रोटेशन (त्या विभागातले क्लिनिकलचे तास) सगळ्यात आधी शोध, फॅमिली आणि ॲडल्टचं मिळतं, या दोनांसाठी सगळ्यांची मारामारी असते.

आणि सही हातात पडेपर्यंत तास कमी करू नकोस. मॅनेजरशी आधीच बोलून ठेव की अमुक टर्मला मला पार्ट टाइम व्हायचंय, पण फॉर्मवर सही साइट मंजूर झाल्यावरच. मॅनेजर चांगली असेल तर ऐकते. अगदी वीकेंडच्या शिफ्ट मागून घेतल्यास तरी चालेल, क्लिनिक सोम ते शुक्र असतात. किती तासांच्या खाली गेलं की इन्शुरन्स बदलतो ते एचआरकडून लेखी घे, प्रत्येक हॉस्पिटलचा आकडा वेगळा. ट्यूशनचं सुद्धा बघ, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत मालकानं दिलेल्या शिक्षणखर्चावर टॅक्स लागत नाही, पण बहुतेक ठिकाणी त्याबदल्यात पास झाल्यावर अमुक काळ इथेच काम करायचं अशी अट असते. कर्ज काढणार असशील तर ग्रॅड प्लस (पदव्युत्तर शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज) १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद, तेव्हा जुन्या लोकांच्या कर्जाच्या सल्ल्यावर जाऊ नकोस.

झोपेचं विचारलंयस. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही : नाइट संपवून सरळ क्लिनिकला जायचं नाही. नाही म्हणजे नाही. सतरा तास जागं राहिलं की गाडी चालवताना माणसाची अवस्था रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते आणि चोवीस तासांनी ०.१० सारखी, इथली कायद्याची मर्यादा ०.०८ आहे. आणि तुझ्यासमोर पेशंट आहे, तू त्याचा डोस ठरवायला शिकतेयस. सगळे करतात म्हणून करू नकोस. तिन्ही नाइट सलग घे, मग एक पूर्ण दिवस झोपेचा, त्या दिवशी मुलाला डे-केअरला सोड आणि अपराधी वाटून घेऊ नकोस, मग दोन दिवस क्लिनिक. असाइनमेंट क्लिनिकच्या दिवशी संध्याकाळी करायची नाही, होत नाही, त्याच दिवशी फक्त तासांचा लॉग भर, कारण आठवड्यानं पेशंट आठवत नाहीत. सासूबाई किंवा आई सहा महिने येणार असतील तर त्यांचं येणं थिअरीच्या वर्षात खर्च करू नकोस, क्लिनिकलसाठी राखून ठेव. चपात्या फ्रीजरमधल्या चालतात, नवऱ्याला सुद्धा.

एक वेगळीच गोष्ट, पण आपल्यासारख्यांना उपयोगी. आपण भारतात शिकलो आणि इथे हॉस्पिटलात काम केलं, त्यामुळे प्राइमरी केअरचा प्रतिबंधात्मक भाग आपल्याला सगळ्यात नवा असतो, हार्ट फेल्युअर नाही. मुलांच्या वेल-चाइल्ड व्हिजिट (आजारी नसतानाच्या नियमित तपासण्या), लसींचं इथलं वेळापत्रक, इथे बीसीजी सगळ्यांना देत नाहीत आणि बीसीजी घेतलेल्याची टीबीची तपासणी त्वचेच्या टेस्टपेक्षा रक्ताच्या टेस्टनं करणं बरं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग ४५ पासून, मॅमोग्राम ४० पासून दर दोन वर्षांनी, पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची) २१ पासून. हे आत्तापासून कार्डांवर लिहून ब्रेकमध्ये बघ नाहीतर रेकॉर्ड करून गाडीत ऐक. पुढे सर्टिफिकेशनसाठी एएएनपीसीबी या संस्थेची परीक्षा दे किंवा एएनसीसीची, हे दोन्हीकडे लागतं.

हे सगळं माझ्या अनुभवावरून आहे, मी वकील नाही, शाळेची माणूस नाही, आणि दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी आपल्या नर्सिंग बोर्डाचे नियम बघावेत. टेक्सासमध्ये पास झाल्यावरही औषधं लिहायला डॉक्टरबरोबर करार लागतो, ॲरिझोना किंवा कोलोरॅडोला तसं कायमचं लागत नाही, तेव्हा पुढे कुठे राहायचंय याचाही विचार आत्ताच नवऱ्याबरोबर कर.

आणि हो, हे शेवटी लिहितेय पण तुझ्यासाठी पहिलं असू शकतं. तू नर्स भरती करणाऱ्या एजन्सीतर्फे अमेरिकेत आलीयस असं पोस्टमध्ये लिहिलंयस. एजन्सीच्या करारात बहुतेक वेळा ठराविक तास पूर्ण करायची अट असते आणि आठवड्याला किमान किती तास ते सुद्धा. तू मधेच पार्ट टाइम झालीस तर तो करारभंग धरला जाईल का, दंड किती, हे बघावं लागेल, आणि ग्रीन कार्ड हातात नसेल तर वकिलाला विचारल्याशिवाय तास हलवूच नकोस. करार काढ आणि तासांचं कलम वाच, इंग्रजी किचकट वाटलं तर नाव-पत्ता खोडून ते पान मला मेसेजमध्ये टाक. शाळेला पाठवायच्या मेलचा माझा जुना मसुदाही आहे, तो तुला देते, तुझ्या काउंटीचं नाव घालून पाठव.